चारचौघांतली खरेदी, एकट्याची खरेदी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना एकत्र आणण्याचं काम केलं. म्हणून संयोजकांनी 'ऑनलाइन खरेदी आणि दुकानातली खरेदी' हा विषय सुचवला, तेव्हा मी लगेच होकार दिला. यात निवाडा करायला मात्र मी आलेले नाही. इथे बसलेल्या बहुतेकांच्या घरी सकाळी कोपऱ्यावरून भाजी येते आणि दुपारी दारात पार्सलही येतं. काय कुठून घ्यायचं, हे प्रत्येक घर रोज ठरवतं आणि बहुधा बरोबरच ठरवतं. घरपोच मिळतं, वेळ वाचतो, भाव कमी पडतो, हात लावता येत नाही, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. ते पुन्हा सांगण्यात मी तुमची संध्याकाळ घालवणार नाही.

मी ग्राहक मार्गदर्शन केंद्रात काम करते. लोक तक्रारी घेऊन येतात, आम्ही ऐकतो, कागद बघतो, अर्ज लिहून देतो. पूर्वी माणूस पिशवीतून वस्तू काढून टेबलावर ठेवायचा. आता तो फोन पुढे करतो. या कामात राहून दोन्ही खरेद्यांमधला एक फरक मला इतर सगळ्यांपेक्षा मोठा वाटू लागला आहे, आणि आज मी त्याच्याबद्दल बोलणार आहे. दुकानातली खरेदी चारचौघांत होते. ऑनलाइन खरेदी एकट्याने होते. वस्तू, भाव, वजन, भांडण, सगळं चारचौघांसमोर होण्यात एक ताकद होती. तिच्यात एक क्रौर्यही होतं. ताकद आणि क्रौर्य, दोन्हींबद्दल मला बोलायचं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. दूरवरून, न बघता वस्तू मागवणं आपल्याला नवं नाही. पोस्टाची व्ही. पी. पद्धत आपल्याकडे १८७७ मध्ये सुरू झाली. मासिकातली जाहिरात वाचायची, एक पोस्टकार्ड टाकायचं, पोस्टमन पुडकं घेऊन दारात आला की पैसे द्यायचे आणि मग ते फोडायचं. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या किती वाचकांनी आपली पुस्तकं अशी जमवली आहेत! २०१० च्या सुमारास फ्लिपकार्टने 'कॅश ऑन डिलिव्हरी' आणली आणि लोकांनी ती पटकन स्वीकारली, त्याचं एक कारण हे की आपल्या आजोबांना ती ठाऊक होती. मग नवं काय आहे? व्ही. पी. मागवणाऱ्याला भाव छापील दिसायचा आणि तोच भाव त्या मासिकाच्या प्रत्येक वाचकाला दिसायचा. प्रकाशकाला तुमच्याबद्दल माहीत असायचं ते फक्त नाव आणि पत्ता. आज दुकान तुम्हाला बघतं. तुम्ही कशावर किती वेळ थांबलात, काय टोपलीत टाकून काढलंत, कोणत्या तारखेनंतर सढळ हाताने खर्च करता, हे ते बघतं. तुम्हाला मात्र दुकान दिसत नाही. बघण्याची दिशाच उलटली आहे.

आता वस्तूकडे येऊ. मी पैठणीचं उदाहरण घेते, कारण हाताने बघणं म्हणजे काय हे पैठणीइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

येवल्यात एखाद्या विणकराच्या घरी जा, किंवा कुठल्याही जुन्या पेठेतल्या, गादीवर बसून साड्या दाखवणाऱ्या दुकानात जा. जाणती बाई पैठणी हातात घेते तेव्हा सगळ्यात आधी काय करते? पदर उलटा करते. हातमागावर पारंपरिक पद्धतीने विणलेल्या पैठणीच्या पदरावरचा मोर, कमळ, पोपट यांतला प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या रिळावरच्या धाग्याने, हाताने, जागच्या जागी विणलेला असतो. एक रंग संपतो तिथे दुसरा त्याच्यात अडकवला जातो. म्हणून पदराची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच स्वच्छ असते. यंत्रमागावरच्या नक्कलेत मागे सुटे धागे आडवे धावतात, किंवा ते कापलेले असतात, किंवा ते झाकायला मागून जाळी लावलेली असते. मग ती बाई साडी घेऊन दुकानाच्या दाराशी जाते, कारण ट्यूबलाइटखालचा रंग आणि उन्हातला रंग वेगळा असतो. शंका आली तर काठाजवळचा एखादा सुटा धागा मागून घेते आणि काडी लावून बघते. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरडली जाणारी राख उरते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो.

हे सगळं चाललेलं असताना शेजारी दुसरी एक गिऱ्हाईक बसलेली असते. ओळख ना पाळख. ती म्हणते, "ताई, जांभळ्यापेक्षा तो हिरवा बघा, तुमच्यावर उठून दिसेल." दुकानदार तिला गप्प बसवू शकत नाही. आणि तीच बाई जेव्हा म्हणते, "अहो, मागच्या महिन्यात ही मला हजारांनी कमी सांगितली होती," तेव्हा त्या दुकानातल्या सगळ्यांचा भाव एका क्षणात बदलतो.

फोनवर काय होतं? पैठणी म्हणून शोध घ्या. दोन-अडीच हजारांपासून लाखापर्यंत साड्या एकाच रांगेत, सारख्याच झगमगीत. फोटो पदराच्या पुढच्या बाजूचा. मागची बाजू दाखवणारा फोटो हजारात एखादा. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शुद्ध रेशमासाठी 'सिल्क मार्क'ची खूण २००४ पासून आहे. म्हणजे ओळखायची साधनं आहेत. पण ज्याला 'सेमी' म्हणतात ती यंत्रमागावरची साडी आणि आठवडेच्या आठवडे, कधी महिने खपून विणलेली साडी यांच्यामधलं अंतर पडद्यावर मिटून जातं, आणि ते मिटलं की नुकसान गिऱ्हाइकाचं तर होतंच, त्याहून जास्त त्या विणकराचं होतं. त्याच्या कामाची सारी किंमत मागच्या बाजूला आहे, आणि ती बाजू फोटोत नाही.

तुम्ही म्हणाल, शेजारी बसलेल्या बाईची जागा आता अभिप्रायांनी घेतली. चार तारे, पाच तारे, शेकडो लोकांचं मत. खरं आहे, आणि पुष्कळदा ते उपयोगीही पडतं. मिक्सरचं भांडं सहा महिन्यांत गळतं, हे दुकानदार सांगणार नाही, अभिप्राय सांगतो. पण ते लिहिणारा कोण? विकत घेतलेली स्तुती इतकी बोकाळली की भारतीय मानक ब्युरोला नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठीच एक मानक काढावं लागलं, आयएस १९०००. ते ऐच्छिक ठेवलं गेलं, हे मला अपुरं वाटतं. शेजारच्या बाईचा चेहरा तुम्हाला दिसत होता. तिचा त्यात काही फायदा आहे का, हे तुम्ही तिच्या डोळ्यांत बघून ठरवत होता.

आता भाव. इथे मला जरा जास्त थांबायचं आहे.

छापील किंमत आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणी मिळवून दिली हे आपण विसरलो. सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत पाकिटावर छापायची सक्ती १९९० मधली. त्याआधी 'स्थानिक कर वेगळे' या एका ओळीआड दुकानदुकानागणिक भाव बदलायचा. त्याहीआधीचं आठवा. १९७२ मध्ये मुंबईत महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्याबरोबर हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेल, साखर, धान्य, रॉकेल. मोर्चा निघू शकला, कारण गिरगावातल्या बाईला आणि गोरेगावातल्या बाईला एकाच तेलाचा एकच भाव छळत होता. दोघींना तो माहीत होता. दोघी तो एकमेकींना सांगू शकत होत्या.

आज मी तुम्हाला विचारते, लाटणं घेऊन कोणाच्या दारावर जायचं? आणि कोणत्या भावाविरुद्ध? सकाळचा भाव दुपारी वेगळा. तुमच्या पिनकोडचा वेगळा, माझ्या पिनकोडचा वेगळा. तुमच्या फोनवर कूपन आलं, माझ्या फोनवर आलं नाही. का आलं नाही? कुणाला विचारायचं? जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर या टॅक्सी कंपन्यांना नोटिसा काढल्या. फोन कोणत्या बनावटीचा आहे त्यावरून भाडं कमीजास्त होतं का, असा प्रश्न होता. दोन्ही कंपन्यांनी तसं काही करत असल्याचा इन्कार केला. तो वाद बाजूला ठेवू. मला भिडतं ते हे की अशी शंका येण्यासाठीसुद्धा दोन माणसांनी दोन फोन शेजारी शेजारी धरावे लागले. एकट्या माणसाला ती शंका कधीच आली नसती. त्याच्यासमोर एकच आकडा होता.

आता बारकाईने एक पान बघू. समजा रात्रीचे साडेदहा वाजले आहेत आणि तुम्ही एक स्टीलचा डबा घेताय. भाव ३४९ रुपये. त्याच्याखाली लाल अक्षरांत 'शेवटचे २ शिल्लक'. बाजूला एक घड्याळ, मिनिटं उलटी मोजणारं. बटण दाबलं की पुढचं पान. डिलिव्हरीचे ४०. हाताळणीचे ९. 'प्लॅटफॉर्म फी' ७. खाली एका चौकोनात बरोबरची खूण आधीच केलेली, 'वस्तूचं संरक्षण, १९ रुपये'. रोख देणार असाल तर आणखी १०. ३४९ चा डबा ४३४ ला पडला. तो विमा नको असेल तर दाबायचं बटण फिकट करड्या रंगात, आणि त्यावर लिहिलेलं, 'नाही, मी धोका पत्करतो'.

यातल्या प्रत्येक युक्तीला आता नाव आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि अशा १३ प्रकारांना मनाई केली. खोटी घाई करणं, टोपलीत गुपचूप काही टाकणं, भाव थेंबाथेंबाने उघड करणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, वर्गणीत अडकवून बाहेरची वाट लपवणं, हे सगळं त्यात आहे. आधीच खूण केलेला चौकोन तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांपासूनच चालत नाही. तरी ते चालतं. का चालतं? मला कारण असं दिसतं की ते एकेका माणसाला, एकेकट्याला, १९ रुपयांना लागतं. १९ रुपयांसाठी कोण भांडतं? दुकानात कुणी पाटीवर ३४९ लिहून गल्ल्यावर ४३४ मागितले असते, तर मागे रांगेत उभ्या असलेल्या तिघांनी आवाज चढवला असता. त्यांचाही पुढे तोच नंबर लागणार होता. रांग हीच गिऱ्हाइकाची ताकद होती.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटलं असेल की ही बाई जुन्या बाजाराचं कौतुक करायला आली आहे. नाही. मघाशी क्रौर्य म्हटलं, ते आता सांगते, आणि ते पूर्ण सांगितल्याशिवाय हा विषय प्रामाणिक होणार नाही.

चारचौघांत खरेदी करायची, तर त्या चारचौघांत तुम्हाला जागा हवी. ती सगळ्यांना होती का? आपल्या गावांत दुकानाच्या पायरीखाली उभं राहून सौदा घ्यावा लागणारी माणसं होती. त्यांचे पैसे उंबऱ्यावर ठेवून घेतले जायचे, पाणी शिंपडून उचलले जायचे, आणि पुडी वरून त्यांच्या ओंजळीत टाकली जायची. ही फार जुनी गोष्ट नाही. डोंगरातल्या पाड्यावरून आठवडी बाजारात आलेल्या माणसाने चारोळी आणायची आणि व्यापाऱ्याने तिच्या बदल्यात मीठ द्यायचं, असे सौदे आपल्याच राज्यात झाले. काटा मारणारा बघून काटा मारतो. ज्याला आकडे वाचता येत नाहीत, ज्याला परत येऊन भांडायची सोय नाही, त्याला मारतो. चारचौघं तिथे होती आणि गप्प होती.

आजचंही बघा. औषधाच्या दुकानात सॅनिटरी पॅड मागणाऱ्या मुलीला ते वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून मिळतात. पिशवीचा रंगच सगळ्यांना सांगतो आत काय आहे. जाड बाईला कपड्यांच्या दुकानात काउंटरवरचा मुलगा सगळ्यांसमोर मोठ्याने सांगतो, "तुमच्या मापात नाही येणार." मळक्या कपड्यांतला माणूस काचेच्या शोरूममध्ये शिरला की रखवालदार त्याच्या मागे मागे चालतो. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या माणसाला दुकानाच्या तीन पायऱ्या चढता येत नाहीत. या सगळ्यांना फोनवरच्या दुकानाने काय दिलं? कुणी आपल्याकडे बघत नाही, ही सुटका दिली. आडनाव विचारत नाही, कपडे बघत नाही, पायरी नाही. एखादी मुलगी स्वतःच्या मापाचा कपडा स्वतःच्या खोलीत, कुणाची नजर न झेलता घालून बघते आणि नको असेल तर परत पाठवते. ही किरकोळ सोय नाही. हे स्वातंत्र्य आहे, आणि ज्यांना ते जन्मतः मिळालेलं होतं त्यांनी ते इतरांच्या बाबतीत हलकं लेखू नये.

तालुक्यातल्या वाचकालाही तेच. जिल्ह्याच्या गावी पुस्तकांचं एक दुकान, तेही निम्मं वह्या-पेनांचं. आज गडचिरोलीतला मुलगा आणि आखातात नोकरी करणारा मराठी माणूस एकाच दिवशी एकच मराठी पुस्तक मागवू शकतो. कोकणातल्या बचत गटाची आमसुलं दिल्लीला जातात. हे सगळं मला हवं आहे.

म्हणजे प्रश्न असा उरतो: चारचौघांच्या नजरेचा जाच गेला, तो जाऊ दे. पण चारचौघांच्या असण्याचा आधार गेला, त्याचं काय?

तो आधार सगळ्यात जास्त कुठे लागतो? वस्तू बिघडते तेव्हा. आता त्याबद्दल, कारण माझं रोजचं काम तेच आहे.

दुकानात जबाबदार कोण हे विचारावं लागत नाही. गल्ल्यावर बसलेला माणूस. तो 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी लावतो, हे खरं. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सांगतो की सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. त्या पाटीला घाबरून किती लोक फाटकी, तुटकी वस्तू घरी ठेवतात! पाटीपेक्षा कायदा मोठा आहे, एवढं आज लक्षात ठेवून जा.

ऑनलाइन जबाबदार कोण? इथे सगळी गुंतागुंत आहे. परदेशी गुंतवणूक असलेल्या कंपनीला आपल्या नियमांप्रमाणे स्वतःचा माल साठवून तो थेट गिऱ्हाइकाला ऑनलाइन विकता येत नाही. तिने फक्त बाजार चालवायचा, विकणारे वेगळे. म्हणून तक्रार गेली की उत्तर येतं, विक्रेत्याला विचारा. नगरपालिकेने मंडई बांधली म्हणून किडक्या वांग्याला नगरपालिका जबाबदार आहे का, असा तो युक्तिवाद. ऐकायला बिनतोड वाटतो. पण मंडई तुमच्यासमोर कोणतं वांगं आधी ठेवायचं हे ठरवत नाही. पैसे स्वतःच्या खात्यात घेत नाही. वांगं स्वतःच्या पिशवीत घालून, स्वतःचा शिक्का मारून तुमच्या घरी पाठवत नाही.

याचा एक ठोस दाखला आहे. घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय मानक सक्तीचं आहे, १ फेब्रुवारी २०२१ पासून. कारण उघड आहे, मानकाविना कुकर म्हणजे ओट्यावरचा स्फोट. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने ॲमेझॉनला असे सदोष कुकर आपल्या संकेतस्थळावर विकू दिल्याबद्दल १ लाख रुपये दंड केला. असे २,२६५ कुकर विकले गेले होते. कंपनीचं म्हणणं, विक्रेता दुसरा. प्राधिकरणाचं म्हणणं, प्रत्येक विक्रीवर तुम्ही शुल्क कमावता, मग जबाबदारीच्या वेळी बाजूला होता येणार नाही. कंपनी त्या आदेशाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. दंडाची रक्कम मला नगण्य वाटते, तेही बोलून टाकते. पण त्या आदेशात एक गोष्ट होती जी पेठेतल्या कुठल्याही दुकानाबाबत अशक्य होती: त्या सर्व २,२६५ घेणाऱ्यांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे परत करा.

हे का शक्य होतं? कारण प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन नोंदलेला होता. भांड्यांच्या दुकानातून रोखीने गेलेले कुकर कोणाच्या ओट्यावर आहेत, हे कुणाला सांगता येईल? जी नोंद आपल्याला जाहिराती दाखवायला वापरली जाते, तीच नोंद आपल्याला वाचवायलाही वापरता येते. कोण वापरतं आणि कोणाच्या आदेशाने, एवढाच प्रश्न आहे.

आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी एक मोठी गोष्ट दिली आहे, जी मी प्रत्येक सभेत सांगते. पूर्वी तक्रार दाखल करायची तर समोरचा जिथे धंदा करतो किंवा व्यवहार जिथे घडला तिथे. बंगळूरच्या कंपनीविरुद्ध भांडायचं तर न्यायाधिकार कोणाचा, यातच वर्ष जायचं. आता तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील लागत नाही. अर्ज ऑनलाइन भरता येतो. आणि त्याच्या आधीची पायरी: प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यायलाच हवा, ४८ तासांत पोच द्यायला हवी आणि महिन्याभरात तड लावायला हवी. तो अधिकारी शोधा. आपोआप उत्तरं देणाऱ्या यंत्राशी रात्रभर बोलत बसू नका.

दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या सेवांबद्दल थोडंच बोलते. त्यांची शहरातली गोदामं गिऱ्हाइकाला बंद असतात. वाणसामानाच्या दुकानात आपण काउंटरवरून आत डोकावतो. पोत्यावर उंदराची लेंडी दिसली की त्या दुकानात जाणं बंद करतो आणि शेजारणीला सांगतो. अन्न निरीक्षक वर्षातून कधीतरी येतो, गिऱ्हाइकाचा डोळा रोज येतो. बंद गोदामात तो डोळा नाही. जून २०२५ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने धारावीतल्या झेप्टोच्या अशा एका केंद्राचा परवाना निलंबित केला. काही खाद्यपदार्थांवर बुरशी, ओल्या घाणेरड्या जमिनीवर माल, मुदत संपलेला माल वेगळा न ठेवलेला. तपासणीत हे सापडलं. तपासणी झालीच नसती तर? गिऱ्हाइकाला आत प्रवेश नसेल तर तपासणी वाढली पाहिजे, तिचे निकाल त्या ॲपवर त्या केंद्राच्या नावासमोर दिसले पाहिजेत. ही मागणी आपण लावून धरायला हवी.

आणि तो सामान आणणारा मुलगा. दुकानातल्या नोकराला आपण नावाने ओळखायचो, त्याच्या गावच्या पावसाची चौकशी करायचो. या मुलाचा आपल्याशी संबंध चाळीस सेकंदांचा. उशीर झाला की आपण तारे कापतो. उशीर सिग्नलमुळे झाला की गोदामातल्या गोंधळामुळे, हे आपल्याला माहीत नसतं, आणि कापलेल्या ताऱ्यांचा त्याच्या कमाईवर काय परिणाम होतो, तेही नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'प्लॅटफॉर्म कामगार' अशी त्याची नोंद पहिल्यांदा झाली. त्याला प्रत्यक्षात काय मिळतं, यावर गिऱ्हाईक म्हणून आपण लक्ष ठेवायला हवं.

उधारीचंही तसंच. वाणी तुम्हाला ओळखत होता, वहीत लिहून ठेवत होता. २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी घरांची चूल त्या वहीवर पेटली. ॲपही आता 'नंतर भरा' म्हणतं, आणि त्याची वाण्यापेक्षा जास्त ओळख असते. पण वाण्याची वही तुमच्यासमोर उघडायची. "हे तेल मी नेलंच नव्हतं," असं बोट ठेवून म्हणता यायचं. ॲपच्या वहीत तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते बघायचा हक्क २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मान्य केला आहे. तो वापरायचा कसा, हे आपल्याला शिकावं लागेल.

मग एकट्या पडलेल्या गिऱ्हाइकाला पुन्हा चारचौघांत आणायचं कसं? जुन्या दुकानात परत जा, हे माझं उत्तर नाही. आपल्याकडे याहून चांगला नमुना आहे. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. कुटुंबांनी एकत्र येऊन संघ करायचे, महिन्याच्या सामानाची यादी भरायची, माल एकगठ्ठा खरेदी करायचा, ट्रक संघाच्या दारात आला की सगळ्यांनी मिळून तो वाटून घ्यायचा. माल घरपोच होता, यादी आधी भरायची होती, दुकान मध्ये नव्हतं. आज आपण ज्याला ऑनलाइन खरेदी म्हणतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टी तिथे होत्या. पण माल निवडणारी माणसं आपली होती, आणि डाळीत खडे निघाले तर ते एका घराला कळून थांबत नव्हतं, सगळ्या संघाला कळत होतं. तंत्र नवं की जुनं, याने फरक पडला नाही. माणसं एकत्र होती, याने पडला.

आपल्या सोसायट्यांचे, वाड्यांचे, भजनी मंडळांचे फोनवर गट आहेत. त्यांत सुप्रभात रोज येतो. एकाच वस्तूचा तुम्हाला दिसणारा भाव आणि मला दिसणारा भाव, हे त्यात कधी येतं का? गणपतीआधी, दिवाळीआधी दहा घरांनी एकच वस्तू एकाच वेळी दहा फोनांवर उघडून आकडे लिहून काढावेत. कुठल्या विक्रेत्याने परतीचे पैसे अडवले, ते नावानिशी, पुराव्यानिशी गटात टाकावं. एकाने एकोणीस रुपयांसाठी भांडू नये, पण एकोणीस रुपये गेलेल्या चाळीस जणांनी एकत्र सही करून प्राधिकरणाला पत्र पाठवावं. सारखंच हित असलेल्या अनेकांनी मिळून तक्रार करायची तरतूद कायद्यात आहे. ती फारशी वापरली जात नाही, कारण एकाच युक्तीला बळी पडलेली माणसं एकमेकांना भेटतच नाहीत.

ती इथे भेटली आहेत, असं मला वाटतं. व्याख्यानानंतर सभागृह आणखी तासभर उघडं ठेवायला संयोजकांनी मान्यता दिली आहे. आमच्या केंद्राचे कार्यकर्ते बाहेर दोन टेबलांपाशी बसले आहेत. ज्यांची ऑर्डर अडकली आहे, पैसे परत आलेले नाहीत, बंद करूनही वर्गणी कापली जाते आहे, त्यांनी थांबावं. बिल, संदेश, तारखा सगळं तुमच्या फोनमध्येच आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तो लिहून घ्या. तक्रार इथे बसूनच भरू, आणि भरताना आपली अडचण शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवा. एकाच कंपनीविरुद्धचे पाच जण निघाले, तर पाचांचा अर्ज एकच करू.